पेटविण्यापूर्वी एकदा पाहावे

इंग्लंडच्या मध्यभागी असलेल्या लेस्टर शहरात नोव्हेंबरचा पहिला आठवडा हा दिवस आखूड होत जाण्याचा काळ असतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळे एक तास मागे घेतली जातात आणि संध्याकाळ एकाएकी दुपारच्या अंगावर येते. पाच नोव्हेंबरला येथे सूर्य साडेचारच्या आतच मावळतो. ज्या घरात सूर्यास्तानंतर पानावर बसायचे नाही असा नियम आहे, त्या घराची मोठी धांदल उडते. मुले साडेतीनला शाळेतून येतात, आणि दप्तर खाली ठेवण्यापूर्वीच त्यांच्या हाती ताट द्यावे लागते.

सांगलीच्या मार्केट यार्डात हळद आणि बेदाण्याचा व्यापार केलेले एक दिगंबर जैन गृहस्थ मुलीकडे राहण्यासाठी येथे आले होते. घरात सर्वजण त्यांना अण्णा म्हणत. वय एकोणसत्तर. दुकान आता मुलगा पाहतो. आयुष्यात प्रथमच दिवाळीला ते पेढीवर नव्हते. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी जावयाने त्यांना बेलग्रेव्ह रोडवर नेले. 'गोल्डन माइल' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या रस्त्यावर दिव्यांच्या कमानी होत्या, साड्यांची आणि सोन्याचांदीची दुकाने उघडी होती, मिठाईच्या दुकानापुढे रांग होती. गुजराती पाट्या वाचत अण्णा त्या गर्दीतून चालले आणि आपण परदेशात आहोत हे काही वेळ विसरले.

हा रस्ता असा आपोआप उजळलेला नाही. १९७२ साली इदी अमीनने युगांडातील आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडण्याचा हुकूम दिला. त्या वेळी लेस्टरच्या नगरपालिकेने युगांडातील वृत्तपत्रात जाहिरात देऊन 'आमच्या शहरात येऊ नका' असे कळविले होते. तरीही माणसे आली, भाड्याच्या खोल्यांत राहिली, कारखान्यांत राबली आणि पुढे दुकानदार झाली. आज तेच शहर आपल्या दिवाळीचा अभिमानाने उल्लेख करते. नवख्या माणसाला जागा मिळते ती अशी, हळूहळू आणि दोन्ही बाजूंनी थोडे थोडे सरकून.

दिवाळी होऊन पाच दिवस झाले होते. अण्णांच्या समजुतीप्रमाणे आता फटाक्यांचा आवाज थांबायला हवा होता. पण तो वाढतच गेला. दुकानांत फुलबाज्यांची पाकिटे आणि बाणांची खोकी तशीच मांडलेली होती, आणि ती घेणारे बहुतेक गोरे होते.

"अगं, यांची दिवाळी आता सुरू झाली की काय?" अण्णांनी मुलीला विचारले.

"अण्णा, उद्या बॉनफायर नाइट. यांची वेगळी गोष्ट आहे," ती म्हणाली.

चारशे वर्षांपूर्वीची एक रात्र

ती गोष्ट १६०५ सालची. इंग्लंडच्या गादीवर राजा पहिला जेम्स होता. राज्य प्रोटेस्टंट पंथाचे. कॅथलिक पंथीयांवर दंड होते, बंधने होती. रॉबर्ट केट्सबी नावाच्या कॅथलिक सरदाराने काही साथीदार जमवून बेत आखला, की संसदेच्या उद्घाटनास राजा येईल तेव्हा संपूर्ण सभागृहच सुरुंगाने उडवून द्यायचे. हाउस ऑफ लॉर्ड्सच्या खालचे एक तळघर भाड्याने घेतले गेले. त्यात बंदुकीच्या दारूची छत्तीस पिंपे लाकडाच्या ढिगाआड लपविली गेली. राखणीला ठेवला गेला गाय फॉक्स, यॉर्कमध्ये जन्मलेला आणि परदेशात सैनिकी अनुभव घेतलेला मनुष्य.

दहा दिवस आधी एका उमरावाला निनावी पत्र आले, की त्या दिवशी संसदेत जाऊ नका. पत्र राजापर्यंत पोहोचले. चार नोव्हेंबरच्या मध्यरात्री तळघराची झडती झाली आणि गाय फॉक्स सापडला. पळून गेलेल्या साथीदारांचे पुढे जे झाले ते विलक्षण आहे. पावसात भिजलेली आपली दारू त्यांनी एका घरात शेकोटीसमोर वाळत घातली. ठिणगी उडाली आणि त्यांतील काहीजण त्यांच्याच दारूने भाजले. दुसऱ्या दिवशी केट्सबी गोळी लागून मेला. गाय फॉक्सला जानेवारी १६०६ मध्ये मृत्युदंड झाला.

राजा वाचला म्हणून लंडनकरांनी पाच नोव्हेंबरच्याच रात्री रस्तोरस्ती शेकोट्या पेटविल्या. पुढे संसदेने कायदा करून हा दिवस दरवर्षी कृतज्ञतेने पाळावा असे ठरविले. तो कायदा १८५९ मध्ये रद्द झाला. प्रथा मात्र राहिली. आजही संसदेच्या उद्घाटनापूर्वी राजाचे रक्षक जुना पोशाख घालून तळघरांची झडती घेण्याचा उपचार पार पाडतात.

या शेकोटीत गाय फॉक्सचा पुतळा जाळतात. जुन्या कपड्यांत कागद आणि पालापाचोळा भरून केलेल्या या पुतळ्यालाच 'गाय' म्हणतात. पूर्वी मुले तो हातगाडीवर बसवून 'गायसाठी एक पेनी' म्हणत पैसे मागत आणि त्यातून फटाके घेत. इंग्रजीत कोणत्याही माणसाला सहजपणे 'गाय' म्हणण्याची रीत या पुतळ्यावरूनच पडली. बॉनफायर हा शब्दही मुळात 'हाडांची आग' या अर्थाचा आहे.

देशाच्या दक्षिणेकडील लुइस या गावी हा दिवस सर्वांत उग्रपणे साजरा होतो. सोळाव्या शतकात, १५५५ ते १५५७ या काळात, तेथे सतरा प्रोटेस्टंटांना जिवंत जाळण्यात आले. त्यांच्या स्मरणार्थ सतरा पेटते क्रूस मिरवितात. हजारो मशाली, पेटती पिंपे आणि अवाढव्य पुतळे यांनी अरुंद रस्ते भरून जातात. जावयाने ते दृश्य मोबाइलवर दाखविले तेव्हा अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "एका पंथाने दुसऱ्याला जाळले, त्याचा हिशेब अजून चुकता व्हायचाय म्हणायचा."

"तसं नाही, अण्णा. आता कोणाच्या मनात काही नाही. सगळे मिळून बघायला जातात," जावई म्हणाला.

ते खरेही आहे. आज त्या शेकोटीभोवती कॅथलिक, प्रोटेस्टंट, हिंदू, मुसलमान, कोणताच धर्म न मानणारे असे सारे उभे असतात. वैर विझले, आग राहिली. परंतु वैर विझल्यावर आग कशासाठी राहते, हा प्रश्न अण्णांच्या मनात राहिला.

पिठाचा कोंबडा

दुसऱ्याच बाजूने तो प्रश्न त्यांच्यापुढे आला. नातवाच्या शाळेजवळच्या क्रिकेट क्लबच्या मैदानावर शेकोटी होती आणि मुलांनी आपापला 'गाय' करून आणायचा होता. उत्तम पुतळ्याला बक्षीस होते. नऊ वर्षांच्या नातवाने वडिलांची जुनी पँट घेतली, आईचा फाटका स्वेटर घेतला, त्यात वर्तमानपत्रे कोंबली. डोक्यासाठी काही मिळेना तेव्हा तो अण्णांकडे आला.

"आजोबा, तुमची एक पांढरी टोपी द्या ना. जुनी. जळाली तरी चालेल अशी."

अण्णांनी त्याला जवळ बसविले आणि राजा यशोधराची कथा सांगितली. जैन घरांत ही कथा आजी-आजोबांकडून पिढ्यान्‌पिढ्या आलेली आहे. सोमदेवसूरींनी ती इ. स. ९५९ मध्ये 'यशस्तिलकचंपू'त संस्कृतात मांडली, पुष्पदंतांनी अपभ्रंशात गायिली आणि जन्न कवीने १२०९ मध्ये कन्नडमध्ये लिहिली. उज्जयिनीचा राजा यशोधर याला दुःस्वप्न पडते. त्याची आई चंद्रमती देवीपुढे पशुबळी देण्याचा आग्रह धरते. राजाला हिंसा नको असते आणि आईचे मनही मोडवत नाही. अखेर तडजोड होते. पिठाचा कोंबडा करायचा आणि त्याच्यावर शस्त्र चालवायचे. जीव कोणाचाच जात नाही. तरीही, 'मी मारतो' या भावाने शस्त्र चालविले म्हणून राजा आणि त्याची आई दोघेही जन्मोजन्मी मोर, कुत्रा, मासा, बोकड, कोंबडा अशा योनींत फिरतात आणि दरवेळी कोणाच्या तरी हातून मारले जातात.

नातू ऐकत होता. त्याचा प्रश्न सरळ होता. "पण आजोबा, पिठाच्या कोंबड्याला लागलंच नाही ना? गायला पण लागत नाही. तो पेपरचा आहे."

"त्याला लागत नाही, बाळा. पण ज्याने मारलं त्याच्या मनाला काय झालं, ते बघायचं असतं."

"म्हणजे मी जायचं नाही का?"

अण्णा गप्प झाले. वर्गातली सर्व मुले जाणार होती. या मातीत जन्मलेल्या आणि येथेच वाढायच्या मुलाला त्या रात्री खिडकीशी एकटे बसवून ठेवायचे, तर त्याला आपल्या धर्माबद्दल काय वाटेल? घरात राहा म्हणणे सोपे होते. ते म्हणण्याचा अधिकार सहा महिन्यांसाठी आलेल्या आजोबांना कितपत, हेही त्यांना कळत होते. आणि जा म्हणावे, तर आताच सांगितलेल्या कथेला काय अर्थ उरला?

मार्ग निघाला तो मुलीच्या बोलण्यातून. यॉर्कमधील सेंट पीटर्स ही शाळा अजून चालू आहे. गाय फॉक्स लहानपणी तेथेच शिकला होता. ती शाळा त्याचा पुतळा जाळत नाही. गुन्हा मोठा असला तरी तो आपला विद्यार्थी होता, आणि आपल्या विद्यार्थ्याला कोणी जाळत नसते. हे ऐकून नातवाचा चेहरा उजळला. या देशातही न जाळणारे आहेत, हे त्याला पुरेसे होते. त्याने आपला पुतळा न्यायचा, स्पर्धेत ठेवायचा आणि परत घरी आणायचा, असे ठरले. अण्णांनी पेटी उघडून टोपी काढली. जुनी नव्हे, चांगल्यातली दिली.

ढीग हलविणारे हात

पाच तारखेला दुपारी एकच्या सुमारास शेजारच्या बाई दाराशी आल्या. त्या निवृत्त शिक्षिका होत्या, वय सत्तरीच्या पुढे. हातात जाड मोजे, विजेरी आणि झाडूचा लांब दांडा. क्लबच्या मैदानावर मदतीला माणसे हवी होती. अण्णांना वाटले, लाकडे रचायची असतील. मार्केट यार्डात पोती हलविण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला त्यात नवल नव्हते. ते गरम कोट चढवून निघाले.

मैदानाच्या कोपऱ्यात लाकडांचा पुरुषभर उंच ढीग होता. छाटलेल्या फांद्या, मोडकी कपाटे, जुनी कुंपणे. दोन आठवडे लोक आणून टाकत होते. जमलेल्या दहा-बारा माणसांनी तो ढीग रचायला नव्हे, उतरवायला सुरुवात केली. एकेक फांदी उचलायची, खाली विजेरीचा झोत टाकायचा, दांड्याने पालापाचोळा हळूच सरकवायचा, आणि मग ती फांदी मैदानाच्या मध्यभागी नेऊन नवा ढीग रचायचा.

अण्णांनी कारण विचारले. बाईंनी सावकाश इंग्रजीत समजावले. या देशात हेजहॉग नावाचा एक लहान काटेरी प्राणी आहे. आपल्या साळिंदराची आठवण व्हावी असा, पण दोन ओंजळींत मावेल एवढा. भीती वाटली की तो पळत नाही, अंगाचा गोळा करून बसून राहतो. थंडी सुरू झाली की पालापाचोळ्यात आणि लाकडांच्या फटीत शिरून तो महिनोन्‌महिने झोपतो. माणसाने रचलेली शेकोटी त्याला तयार घरच वाटते. बाहेर ज्वाळा उठल्या तरी तो गोळा होऊन आतच राहतो. म्हणून प्राणिरक्षण करणाऱ्या संस्था दरवर्षी सांगतात, की लाकडे साठविली असतील तर पेटविण्याच्या दिवशीच ती दुसऱ्या जागी हलवून रचा. विजेरी घेऊन आत पाहा. आणि पेटविताना एकाच बाजूने पेटवा, म्हणजे राहिलेल्या जीवाला दुसऱ्या बाजूने निघता येईल. ब्रिटनच्या सस्तन प्राण्यांच्या २०२० सालच्या लाल यादीत हेजहॉगची नोंद धोक्यात आलेला प्राणी म्हणून आहे.

दीड तास ते काम चालले. त्या ढिगात एकही हेजहॉग सापडला नाही. काही किडे निघाले, ते पानांसकट कुंपणाकडे नेऊन ठेवले गेले. आणि काहीच सापडले नाही म्हणून तो दीड तास वाया गेला, असे कोणी म्हणाले नाही. मोजे काढून सर्वांनी थर्मासमधला चहा घेतला.

अण्णांच्या डोळ्यांपुढे मात्र एक वेगळेच दृश्य होते. कर्नाटक-महाराष्ट्राच्या सीमाभागात मुनिसंघाचा विहार चालू असताना त्यांनी कित्येकदा पाहिलेले. दिगंबर मुनी बसण्यापूर्वी, शास्त्र ठेवण्यापूर्वी, कमंडलू उचलण्यापूर्वी मोरपिसांच्या पिंछीने ती जागा हलक्या हाताने साफ करतात. तेथे जीव असेलच असे नाही. पण असू शकेल, एवढे पुरेसे असते. आगमांत याला समिती म्हटले आहे. साध्या भाषेत, पाहून करणे. 'तत्त्वार्थसूत्रा'त हिंसेचे लक्षण सांगताना उमास्वामींनी प्रथम बोट ठेवले आहे ते प्रमादावर. जीव मरणे ही पुढची गोष्ट. न पाहणे, पर्वा न करणे ही आधीची.

अर्थात ती शेकोटी अहिंसक होती, असे अण्णांनी मानले नाही. अग्नी पेटविणे, हिरवे-वाळके लाकूड जाळणे, प्रकाशावर झेपावणारे पतंग यांचा दोष तेथे होताच. जैन श्रावक करमणुकीसाठी असा अग्नी पेटविणार नाही. पण पिंछी ठाऊक नसलेल्या, त्याच संध्याकाळी मांसाहार करणाऱ्या त्या माणसांनी दीड तास वाकून जे केले, त्याला यत्नाचाराहून दुसरा शब्द त्यांना सुचेना.

ज्वाळा आणि आवाज

घरची जेवणे चारला आटोपली. सहा वाजता, म्हणजे तेथील गडद रात्री, सर्वजण मैदानावर पोहोचले. हवेत ओल्या गवताचा, धुराचा आणि बंदुकीच्या दारूचा वास मिसळलेला होता. हा शेवटचा वास अण्णांच्या चांगल्या ओळखीचा होता. प्रवेशद्वाराशी साखरेचा पाक चढविलेली सफरचंदे काड्यांवर टोचून विकायला होती. कोळशावर भाजलेले सालासकट बटाटे होते. ओट, काकवी आणि सुंठ घालून केलेला 'पार्किन' नावाचा गडद केक होता. बटाटा हे कंदमूळ, केकमध्ये अंडे असण्याची शक्यता, आणि सूर्य तर केव्हाच मावळलेला. नातवाने एक लाल सफरचंद कागदात गुंडाळून घेतले, सकाळसाठी.

पुतळे एका बाकावर ओळीने बसविले होते. गांधी टोपी घातलेला 'गाय' त्यांत उठून दिसत होता. त्याला दुसरे बक्षीस मिळाले. कार्यकर्त्याने तो उचलायला हात घातला तेव्हा नातू पुढे झाला आणि म्हणाला की याला मी घरी नेणार आहे. कार्यकर्त्याने कारण विचारले नाही. "नशीबवान गडी," एवढेच म्हणून तो पुढच्या पुतळ्याकडे वळला.

ढीग एका बाजूने पेटविला गेला. काही क्षण नुसता धूर, मग आतून तडतड, आणि मग ज्वाळा एकदम उंच झाली. शेकडो चेहरे तांबूस उजळले. दोरीच्या अलीकडे सर्वजण शांत उभे होते. वडिलांच्या खांद्यांवर मुले होती. कोणीतरी चाकाच्या खुर्चीतील वृद्धाच्या पांघरुणाची घडी नीट करीत होते. त्या प्रकाशात, अनोळखी माणसांच्या त्या जवळिकीत एक सौंदर्य होते, आणि अण्णांनी ते नाकारले नाही. दिवस मिटत चालले असता माणसे एकत्र येऊन आगीभोवती उभी राहतात, यामागे गाय फॉक्सहून जुने काहीतरी असावे, असे त्यांना वाटले.

मग बाण सुटू लागले. परत निघाले तेव्हा शेजारच्या बाई दिसल्या नाहीत. त्या मैदानावर थांबल्याच नव्हत्या. घराचे पडदे ओढून, रेडिओ मोठ्याने लावून त्या आपल्या म्हाताऱ्या कुत्र्याजवळ बसल्या होत्या. दरवर्षी पाच नोव्हेंबरची रात्र त्या अशीच घालवीत.

वाटेत जावई फटाक्यांचे नियम सांगत होता. अठरा वर्षांखालील मुलांना ते विकता येत नाहीत. एरवी रात्री अकरानंतर फटाके वाजविण्यास कायद्याने बंदी आहे. पाच नोव्हेंबरला मध्यरात्रीपर्यंत, आणि दिवाळीच्या रात्री एक वाजेपर्यंत सूट आहे. "अण्णा, कायद्यात दिवाळीचं नाव घालून घेतलंय आपण," तो अभिमानाने म्हणाला.

अण्णा हसले. "घातलं ते चांगलं झालं. पण सूट मिळाली म्हणून ती वापरलीच पाहिजे असं नाही."

एका खात्याची गोष्ट

त्या रात्री अण्णांना झोप लागली नाही. आवाजामुळे नव्हे.

सांगलीत बावीस वर्षे त्यांच्या पेढीचा फटाक्यांचा स्टॉल लागत असे. दिवाळीपूर्वी तात्पुरता परवाना काढायचा, मैदानावर पत्र्याचा गाळा घ्यायचा, शिवकाशीहून एजंटामार्फत माल मागवायचा. दहा दिवसांचा धंदा, पण हळदीत तीन महिन्यांत सुटत नाही एवढा पैसा त्यात सुटे. घरात कोणी फटाका वाजवीत नसे. मुलांना लहानपणीच मंदिरात नियम दिला होता. नफ्यातला दहावा हिस्सा पंचकल्याणकाला, पाठशाळेला, जीवदयेला जात असे. आपण फक्त विकतो, वाजविणारे वाजवितात, असे अण्णांनी स्वतःला बावीस वर्षे सांगितले होते. खाते जुळत होते.

ते कृत, कारित आणि अनुमोदित या तीन शब्दांपाशी मात्र कधीच जुळत नव्हते. समंतभद्र आचार्यांनी 'रत्नकरंड श्रावकाचारा'त अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यांतील हिंसादान म्हणजे हिंसेची साधने दुसऱ्याच्या हाती देणे. आणि त्या साधनांच्या यादीत परशू, तलवार यांच्याबरोबर अग्नीही आहे. हा श्लोक अण्णांनी पर्युषणात कितीतरी वेळा ऐकला होता. ऐकताना तो नेहमी दुसऱ्या कोणासाठी सांगितलेला वाटे.

बावीस वर्षांत स्टॉलवरून गेलेल्या खोक्यांखाली कोणी एकदाही विजेरीचा झोत टाकून पाहिले नव्हते. यार्डाच्या आवारातील कुत्री त्या दहा दिवसांत कोठे जात, हमालांची तान्ही मुले कशी झोपत, सकाळी चिमण्या का दिसत नसत, हे प्रश्न कोणी विचारलेच नव्हते. लेस्टरच्या त्या मैदानावर सापडला नाही तो हेजहॉग अण्णांना रात्री सापडला.

सहा तारखेला सकाळी ते ऑक्सफर्ड स्ट्रीटवरील जैन सेंटरमध्ये गेले. ही इमारत पूर्वी ख्रिस्ती प्रार्थनामंदिर होती. येथे १९८८ मध्ये जिनबिंबाची प्रतिष्ठा झाली. बाहेरून पांढरा संगमरवर, आत कोरीव खांब. आणि एकाच छपराखाली श्वेतांबर व दिगंबर अशा दोन्ही आम्नायांची पूजास्थाने. जेथे एका पंथाची घंटा वाजे तेथे दुसऱ्याचा मंत्र घुमतो आणि कोणी कोणाला जाळत नाही, हे पाहून लुइसच्या त्या मशाली त्यांना आठवल्या. सहा दिवसांपूर्वी पहाटे येथेच त्यांनी निर्वाणलाडू चढविला होता. भगवान महावीर पावापुरीला अमावास्येच्या पहाटे मोक्षास गेले तेव्हा लोकांनी दिवे लावले. जिनसेनाचार्यांनी इ. स. ७८३ मधील 'हरिवंशपुराणा'त त्या दीपोत्सवाचे वर्णन केले आहे. त्यात दिवे आहेत. स्फोट नाही.

दुपारी सांगलीहून मुलाचा फोन आला. हळदीचा भाव, कारखान्याकडील उधारी, आणि शेवटी स्टॉलचा विषय. यंदाचा थोडा माल उरला होता. तुळशीच्या लग्नात निघाला असता. एजंट पुढच्या वर्षीचे बुकिंग आताच केले तर दरात सवलत देणार होता.

"उरलेला माल एजंटाला परत कर. नुकसान सोसून कर. आणि पुढचं बुकिंग करू नकोस," अण्णा म्हणाले.

पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग मुलगा म्हणाला, "अण्णा, नातीची फी त्याच पैशातनं जाते. आणि आपण नाही लावला तर शेजारचा लावणारच. फटाके काय बंद होणार आहेत?"

"लावू दे त्याला. फटाके बंद करणारे आपण कोण? आपल्या खात्याला ती रक्कम नको, एवढंच. फीचं मी बघतो. माझ्या ठेवीचं व्याज येतं, त्यातून भर."

"विचार करून सांगतो," मुलगा म्हणाला. त्याच्या आवाजात नाराजी होती. अण्णांनी त्याला आणखी उपदेश केला नाही. बावीस वर्षे आपणच शिकविलेला धंदा त्याला एका फोनवर सोडायला सांगणे किती अवघड आहे, हे ते जाणून होते.

फोन ठेवून ते मागील दारी गेले. परसात सफरचंदाच्या झाडाखाली पांढऱ्या टोपीतला 'गाय' कुंपणाला टेकून उभा होता. नातवाने त्याच्या पायाशी पालापाचोळ्याचा मोठा ढीग केला होता आणि शेजारच्या बाईंनी दाखविल्याप्रमाणे कुंपणाच्या तळाशी हाताएवढे एक भोक पाडले होते. हेजहॉग आला तर त्याला थंडीत निजायला जागा असावी म्हणून.

"आजोबा, हा ढीग कोणी पेटवायचा नाही," तो म्हणाला.

अण्णांनी वाकून आणखी चार ओंजळी पाने त्यावर घातली.